मायच्या गाण्याची चाल

दादा, आपल्या घरात मायचा एकही फोटो नव्हता, हे तुमच्या या लेकीनं शाळेतल्या पोरींना कधी कळू दिलं नाही. त्यांच्या भिंतींवर गेलेली माणसं हार घालून बसलेली असायची. आपल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, एक जुनं कॅलेंडर होतं, बस्स. माय फोटोला बसणार तरी कधी? दुष्काळाच्या साली ती सडकेच्या कामावर खडी फोडायला जायची, तुम्ही त्याच सडकेवर गँगमध्ये, आणि मी कामावर खायला सुकडी मिळते म्हणून दोघांच्या मागं मागं. मग तिचे डोळे पिवळे झाले. झाडपाला झाला, काविळीची माळ गळ्यात घालून झाली, आणि कळमनुरीच्या दवाखान्यात नेलं तोवर ती माणसं ओळखेनाशी झाली होती. ती गेली त्या दिवशी मला धक्का बसलाच नाही बघा. लेकरांना तो उशिरा बसतो. मी आपली शेजारच्या काकूला विचारत होते, "माय आज कामावरून काहून आली न्हाई?" आणि काकू माझ्या ओट्यात भुईमुगाच्या शेंगा टाकत होती.

तुम्ही गावच्या गायन पार्टीचे मुख्य गायक. ढोलकीवर काका, झांजेवर गवंडीमामा, कोरसला जो सापडेल तो. जयंती असो, लग्न असो, बारसं असो, बाळापूरच्या आसपासच्या गावांपासून पार नरसीपर्यंत पेटी डोक्यावर घेऊन जायचात आणि सकाळी परत सडकेवर हजर. माय गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला वंदना झाली, भंतेजींचं बोलणं झालं, बायका पंगतीच्या पत्रावळी मांडायला उठल्या, तेवढ्यात तुम्ही पेटी पुढं ओढली. कोणी सांगितलं नव्हतं. आधी नुसतं गुणगुणलात, शब्दच नाहीत, आणि बायका हातात पत्रावळी घेऊन तशाच थांबल्या. मग शब्द सुरू झाले आणि एका जागी मायचं नाव आलं. गवंडीमामांची झांज हातातच राहिली. कोणीतरी हात जोडून उभं राहिलं, मग सगळी आळी उभी राहिली. तेव्हापासून ते गाणं सुरू झालं की आपल्याकडचे लोक उठून उभे राहायचे, आणि मी सगळ्यात आधी. मला वाटायचं, बाकीच्यांच्या घरी फोटो आहे, आपल्या घरी गाणं आहे, आणि ते माझ्या दादांच्या छातीतून निघालंय. फोटो तर काय, कोणाचाही काढून मिळतो!

आणि सिनेमाचं गाणं घरात गुणगुणलेलं तुम्हाला खपायचं नाही. हॉटेलातल्या रेडिओवर ऐकलेलं एक कडवं मी भांडी घासताना म्हटलं, तर तुम्ही चुलीजवळचा चिमटा फेकला होता. लागला नाही, पण गाणं तिथंच थांबलं. "आपल्या तोंडात आपले शब्द पायजेत," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्याचं उष्टं काहून खावं?" आता हसू येतं. तेव्हा मी कान पकडून कबूल केलं होतं आणि मैत्रिणींनाही तोऱ्यात सांगायचे, आमच्या घरी असलं काही चालत नाही.

मी सातवीत असताना बाळापूरच्या बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला. पुसेगावची आत्या आली होती. तिला सिनेमाचं भारी वेड. "तुह्या बापाला सांगशील तर तंगडं मोडीन," असा दम देऊन तिनं मला पहिल्या खेळाला नेलं. आम्ही बायकांच्या बाजूला खाली मातीवर बसलो आहोत, मधे दोर बांधलाय, पलीकडं गडीमाणसं, बिड्यांचा धूर, मागं इंजिनाची फटफट. माझ्या जन्मातला तो पहिला सिनेमा. पडद्यावर मोटारी येतात, जातात, मोठं हॉटेल दिसतं, मी आ वासून बघते आहे. आणि एकदम ते गुणगुणणं सुरू होतं. शब्द नाहीत, नुसता आवाज. दादा, मी दुसरा सूर यायच्या आत ओळखलं. माझ्या दादांचं गाणं सिनेमात आलं! मी ताडकन उठले आणि हात जोडून उभी राहिले.

मागून ओरडा. "ए पोरी, बस की खाली!" "डोस्कं दिसून राहिलं पडद्यावर!" खरंच माझ्या डोक्याची सावली पडद्यावर पडली होती. मी बसले नाही. मला वाटलं, यांना कळत कसं नाही, उभं राहायचं असतं. आणि मग धडाधड ढोल वाजले आणि ती बाई आली. अंगावर चमचम, हातात पेला, कंबर अशी हलते आहे की मी जन्मात तसं काही पाहिलं नव्हतं. चाल तीच, दादा. एकेक वळण तेच. कुठं श्वास घ्यायचा तेही तेच. आणि ज्या जागी तुमच्या गाण्यात मायचं नाव येतं ना, नेमकं त्या जागी ती बाई थांबली, पेला वर केला आणि डोळा मारला. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्यांचा पाऊस. कोणी पडद्याकडं पैसे भिरकावले. माझे हात जोडलेले तसेच. मी किंचाळले, "बंद करा! माझ्या मायचं गाणं हाय ते!"

सगळा तंबू हसला. दोराच्या पलीकडून कोणी मेला म्हणाला, "मंग ती तुझी माय हाय का?" मग तर लोक मांड्या थोपटून हसले. आत्या चप्पल काढून उठली. "कोण बोललं रे ते? समोर ये, थोबाड फोडते तुझं!" कोणी येतं थोडंच. तिनं माझ्या दंडाला धरून मला बाहेर ओढलं. सडकेला लागल्यावर आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आगं येडे, समद्या गायन पार्ट्यांच्या चाली सिनेमाच्याच असत्यात. तुला एवढं बी ठावं न्हाई?" मी विचारलं, जयंतीचं ते? "ते बी." पाळण्याचं? "ते बी." भंतेजी आले की स्वागताचं म्हणतात ते? "ते तर लई जुन्या सिनेमाचं," आत्या म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. आळीतल्या प्रत्येक माणसाला ते माहीत होतं आणि मला नव्हतं. असा धक्का मला पुढं नर्सच्या नोकरीत, एवढे जन्म आणि मरणं पाहिली, तरी बसला नाही.

सकाळी तुम्ही भाकरी थापत होता. माय गेल्यापासून स्वयंपाक तुमच्याकडंच होता, आणि तुमच्या भाकरीच्या कडा नेहमी फाटायच्या. मी चुलीसमोर उभी राहून विचारलं, "दादा, मायचं गाणं तुमी सिनेमातून उचललं का?"

तुम्ही वर पाहिलंही नाही. "चाल उचलली. शब्द माझे हायेत. चाल कुनाची बी घ्यावी, ती काय कुनाच्या बापाची जहागीर हाय?"

"त्या चालीवर एक बाई दारू पिऊन नाचती. मायच्या नावापाशी डोळा मारती."

तुमचा हात थांबला. "कोन बाई?"

"सिनेमातली."

मी मार खायच्या तयारीनं खांदे वर घेतले होते, कारण सिनेमा पाहिल्याचं माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं. पण तुम्ही रागावला नाहीत. तव्यावरची भाकरी धुपायला लागली तरी तुमचं लक्ष नाही. "दारू पिऊन?" तुम्ही विचारलंत, आणि तुमचा चेहरा असा झाला की मला माझ्या विचारण्याचीच भीती वाटली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही तो सिनेमा पाहिलेलाच नव्हता. तुम्ही कुठलाच सिनेमा कधी पाहिला नव्हता! मग तुम्ही सगळं सांगितलंत. तंबूत कोण जातं, आमी कनातीच्या मागं बसायचो, म्हणालात. एकानं मुखडा धरायचा, दुसऱ्यानं अंतरा, काकानं ठेका, आणि घरी येताना चालता चालता सगळं जोडायचं. इंजिनाच्या फटफटीत शब्द बाहेर येतच नसत, चाल तेवढी यायची. अख्ख्या पार्टीनं इतकी वर्षं कापडाच्या पलीकडून सिनेमे ऐकले होते आणि आत काय चाललंय ते एकानंही पाहिलं नव्हतं. मी थक्क. "त्या खेपेला तुझी माय बी सोबत व्हती," तुम्ही म्हणालात. "कनातीला टेकून बसली, तू तिच्या मांडीवर निजलीस. ते गुनगुननं आलं तवा ती म्हनली, कोनी बाई लेकराला निजवून राहिली बघा. मला बी तसंच वाटलं. घरी येस्तोवर तेच गुनगुनत व्हती ती." एवढं बोलून तुम्ही जळकी भाकरी तव्यावरून काढलीत आणि ती स्वतःच्या ताटात ठेवलीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तिकीट काढून तंबूत गेलात. हे आत्यानं मला सांगितलं, तेही डोळे मोठे करून. पार पुढं पडद्याखाली बसला होतात म्हणे, धोतराचा सोगा मांडीखाली दाबून, वंदनेला बसल्यासारखे. मी वाट बघत होते की तुम्ही येऊन गाण्याला शिव्या घालाल, पुन्हा म्हणणार नाही म्हणाल. खरं तर मला तेच हवं होतं, आणि तेच झालं तर मायचं काय उरणार, याची भीतीही वाटत होती. सकाळी रांजणापाशी चूळ भरताना तुम्ही म्हणालात, "ती बाई दमलेली हाय गं." मला काही समजेना. "नाचून नाचून दमली. आवाज बघ किती गोड तिचा. समदे तिच्याकडं पाहून राहिले, ऐकून कोनीच न्हाई राहिलं." मी रागानं म्हणाले, मग काय करू? तुम्ही तांब्या खाली ठेवलात. "तुझ्या मायचं तरी कोनी ऐकलं? तिला गायची लई हौस व्हती. मला पार्टीत घ्या म्हनायची. मी म्हनलं, बाईमानसाचं काय काम पार्टीत. लोक काय म्हनतील. तीनदा-चारदा म्हनली, मंग न्हाई म्हनली कधी."

दादा, तंबूत बसला त्याहून हा धक्का मोठा होता. माय गायची हेच मला ठाऊक नव्हतं. मी तिला फक्त हातोडी मारताना पाहिलेलं. तुम्ही, ज्यांच्या गाण्याला लोक उभे राहतात, त्यांनी तिला गप्प बसवलं होतं आणि ती गेल्यावर तिच्यावर गाणं केलं होतं. मी तुमच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही, आठवतं? ताट आपटायचे, पाणी आपटायचे. मग जयंतीच्या कार्यक्रमात, सगळं गाव समोर बसलेलं असताना, तुम्ही मला हाताला धरून पेटीजवळ आणलंत आणि म्हणालात, "म्हन." एवढंच. पार्टीतले लोक एकमेकांकडं बघायला लागले. काकांनी ढोलकीवरचा हात उचलला. तुम्ही त्यांच्याकडं असं पाहिलंत की ठेका आपोआप सुरू झाला. मी मायचं गाणं म्हटलं. गाव उभं राहिलं. त्या दिवसापासून ट्रेनिंगला जाईपर्यंत मी तुमच्या पार्टीत होते, आणि माझ्यासाठी तुम्ही किती जणांशी भांडलात ते मला काकांनी नंतर सांगितलं.

वैशाखात, डांबराच्या कामावर, उन्हानं तुम्ही गेलात तेव्हा मी परभणीला नर्सिंगच्या ट्रेनिंगला होते. तुमच्या पुण्यानुमोदनाला मला कोणी म्हण म्हटलं नाही आणि माझाही गळा चालला नसता. पुढं लग्न झालं, नोकरी लागली, पार्टी पांगली, काका गेले, गवंडीमामा गेले. पण ती चाल काही माझा पिच्छा सोडीना! माझ्याच लग्नात बँडवाल्यांनी तीच वाजवली, नवरदेवाचे मित्र रुमाल हलवत नाचले, आणि मी बोहल्याकडं जाताना हुंदके देऊन रडले. लोक म्हणाले, पोरीचा माहेरावर जीव फार. एकदा नरसीला देवळापाशी ड्युटीवर होते, तर भजनी मंडळानं त्याच चालीवर अभंग धरला. मी सुई हातात घेऊन तशीच उभी, समोरचा पेशंट दंड उघडा करून माझ्याकडं बघतोय. दवाखान्याच्या गॅदरिंगला एका डॉक्टरीणबाईनं ते गाणं नाच करून म्हटलं. मग कॅसेटवर नवं निघालं, धबाधब ठोक्याचं. मग मिरवणुकीत ट्रकवरच्या भिंतीएवढ्या भोंग्यांमधून. मग कोणाच्या तरी मोबाईलची घंटी म्हणून, तीसुद्धा प्रसूतीच्या वॉर्डात! दर वेळी मी दचकायचे, आणि मनातल्या मनात त्यांच्या शब्दांवर तुमचे शब्द म्हणायचे. निदान मला वाटायचं तसं.

परवा लेक पुण्याहून आली. आपल्या आळीतल्या पोरींनी आता स्वतःची गायन पार्टी काढली आहे, सगळ्या बाया. तुम्ही असता तर तोंडात बोट घातलं असतं. त्यांना जुनी गाणी हवीत. लेक मोबाईल समोर धरून म्हणाली, "आई, आजोबांचं ते आजीवरचं गाणं म्हण, मी भरून घेते." मी पाठ सरळ करून बसले. गुणगुणणं सुरू केलं, अगदी तुमच्यासारखं. मग तोंड उघडलं आणि सिनेमातले शब्द बाहेर आले. मी थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच, पेल्याचे आणि नशेचे. तिसऱ्यांदा काहीच आलं नाही. दादा, तुमचं एक कडवं नाही, एक ओळ नाही. मायचं नाव कुठल्या जागी येतं तेवढं राहिलंय, त्याच्या मागचं पुढचं सगळं पुसलं गेलंय. मला दरदरून घाम फुटला. लेक म्हणाली, "आई, पाणी देऊ का?" कोणाला विचारू? तुम्ही कागदावर कधी उतरवलं नाहीत, पार्टीतलं कोणी जिवंत नाही. इतकी माणसं मेलेली पाहिली मी, पण कोणी असं माझ्याच तोंडात मेलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मी डोळे मिटले. आणि दादा, शब्द आले. कुठून आले कोण जाणे. खडीच्या ढिगावर बसलेली बाई आली, डोळ्यांत हळद उतरलेली आली, कापडाच्या पलीकडून गाणं ऐकणारी आली, पार्टीत घ्या म्हणणारी आली. अख्खं गाणं झालं, दोन्ही अंतऱ्यांसकट. मी जन्मात एक ओळ जोडली नव्हती. डोळे उघडले तर लेक रडत होती. तिनं ते त्या पोरींना पाठवलं, आणि काल कळमनुरीहून एका बाईचा फोन आला, "ताई, तुमच्या दादांचे शब्द ऐकून अंगावर काटा आला." येत्या जयंतीला त्या पोरी ते म्हणणार आहेत. लेकीनं विचारलं होतं, शब्द कोणाचे म्हणून सांगू? मी तुमचं नाव सांगितलं. माझे म्हणायला जीभच वळली नाही.

हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, आणि लेकीलाही खरं सांगेन असं वाटत नाही. पण तुम्हाला सांगते, दादा. शब्द माझे आहेत. आणि चांगले आहेत.